खडकातल्या रिकाम्या जागा

आमच्या प्रयोगशाळेत सही साहेबांची असायची आणि नजर भिंगताईंची. मी तिथे अठरा वर्षं टंकलेखक होतो. दगड कोणता, कशाचा, किती भक्कम हे ताई तोंडी सांगायच्या, मी टाइप करायचो आणि साहेब खाली सही ठोकायचे. ताईंचं नाव अहवालात कुठेच नसायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. दगडाला कुठे माहीत असतं आपल्याकडे कोण बघतंय ते, असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

एकोणिसाव्या वर्षी त्या दगड घासायच्या कामावर लागल्या होत्या. काम किचकट. दगडाची चकती कापायची, तिची एक बाजू गुळगुळीत करून काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू ओल्या भुकटीवर घासत बसायचं. दगड केसाहून पातळ झाला पाहिजे, त्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. चार फेरे जास्त पडले की काचेवर काहीच उरत नाही. तेव्हाचे जुने भूशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांचे डोळे दुपारनंतर चुरचुरायचे. मग ते या घासणाऱ्या मुलीला सूक्ष्मदर्शकाशी बसवायचे आणि स्वतः डोळे मिटून विचारायचे, काय दिसतंय सांग.

तसं बघता बघता त्या शिकल्या. वाळूचा कण म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झ, आपली गारगोटी. प्रकाशाच्या दोन गाळण्या आडव्या लावल्या की तो राखाडी दिसतो, खालची चकती फिरवली की विझतो आणि पुन्हा उजळतो. फेल्डस्पारवर पट्टे असतात. अभ्रक मोरपिसासारखा रंग दाखवतो. पण मास्तरांची खरी शिकवण वेगळी होती. वालुकाश्म म्हणजे कधीकाळी सुटी असलेली वाळू. भिंतीतल्या विटा काय कोणीही मोजेल, विटांच्या मधला चुना बघ, असं ते सांगायचे. कणांना कशाने धरून ठेवलंय, त्यावर दगडाचं आयुष्य.

मास्तर गेले, साहेब बदलले, ताई तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या, तिथून त्या नऊच्या ठोक्याला यायच्या. उजवा डोळा भिंगाला लावून लावून त्या बाजूला कपाळावर कायमची एक आठी पडली होती. त्यामुळे नवीन माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर रागावल्यात.

त्यांना एक थोरला भाऊ. आम्हीही त्यांना दादाच म्हणायचो. शहराच्या वर तासाभरावर धरण आहे, तिथे दादा तीस वर्षं गेटमन होते. भिंतीच्या पायथ्याशी त्यांना राहायला घर मिळालेलं, तिथे ते आणि वहिनी, दोघंच. धरणाच्या भिंतीच्या पोटातून एक बोगदा जातो, माणूस वाकून चालेल एवढा. भिंतीतून आणि बाजूच्या डोंगरातून झिरपणारं पाणी त्यातल्या पन्हळीत जमतं. दादा रोज सकाळी सातला बॅटरी घेऊन आत शिरत, पाणी मोजत आणि वहीत आकडा लिहीत. कुठलंही धरण थोडं पाझरतंच. दादा म्हणायचे, घाम न येणारा माणूस आजारी समजायचा.

एका सोमवारी दुपारी ते प्रयोगशाळेत आले आणि खिशातून औषधाची रिकामी डबी काढून ताईंपुढे ठेवली. डबीत पांढऱ्या खपल्या होत्या. बोगद्याच्या डाव्या टोकाला पन्हळीच्या कडेने त्या साठतात, पाच-सहा वर्षं झाली. इंजिनियर म्हणतात, सिमेंटमधला चुना बाहेर येतोय, जुन्या भिंतींना होतंच असं.

"पण धाकटे, त्या टोकाला सिमेंटच नाही," दादा म्हणाले. "तिथे उघडा डोंगर आहे."

ताईंनी एक खपली काचेवर ठेवली आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला. चुना असता तर फसफसला असता. थेंब पडला तसाच राहिला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो, पण एक बुडबुडा आला नाही. मग त्यांनी दुसऱ्या खपलीवर नख ओढलं. नखाची रेघ उमटली. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि दादांना म्हणाल्या, उद्यापासून पाण्याचा आकडा मलाही कळवत जा.

दादा गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की हे जिप्सम आहे. आपण भिंतींना प्लास्टर लावतो, त्यात असतं ते. मिठासारखं झटकन विरघळत नाही, पण विरघळतं. घाई नसते त्याला.

आमच्याकडे तळघरात जुन्या काचांची कपाटं होती. धरण बांधायच्या आधी डोंगराला भोकं पाडून जे दगड काढले होते, त्यांच्या काचा तिथेच असणार. ताईंनी त्या दिवशी चहा अर्धा टाकला आणि किल्ली घेऊन खाली गेल्या. तासाभराने वर आल्या तेव्हा हातात डाव्या खांद्याच्या, म्हणजे भिंत डोंगराला टेकते त्या डाव्या टोकाच्या, अकरा काचा होत्या. चौतीस वर्षांपूर्वीच्या, प्रत्येकीच्या कागदी चिठ्ठीवर त्यांचंच कोवळं, तिरपं अक्षर. या काचा त्यांनी स्वतः घासल्या होत्या. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या.

संध्याकाळपर्यंत त्या भिंगावरून उठल्या नाहीत. मग मला हाक मारली आणि म्हणाल्या, तू बघ आणि काय दिसतंय सांग. मी काही जाणकार नव्हे. मला राखाडी-पांढरे कण दिसले आणि त्यांच्या मधे काळी भोकं.

"भोकांच्या कडा बघ."

कडा सरळ होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. काही भोकं पात्यासारखी निमुळती, काहींना कोपरे. नुसती पोकळी अशी दिसत नाही, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं. तिथे काहीतरी होतं आणि ते निघून गेलं होतं, मागे फक्त त्याचा आकार राहिला होता.

जुना अहवाल माझ्याच कपाटात होता. त्यात लिहिलं होतं: वालुकाश्म, मध्यम कणांचा, सच्छिद्र, भक्कम.

पुढचे चार दिवस ताई दुसऱ्या कुठल्या कामाला शिवल्या नाहीत. गोदामातून त्यांनी त्याच डाव्या खांद्यातून काढलेला दगडाचा जुना दांडा शोधला. काचेसाठी दगड नेहमी पाण्याने कापतात आणि पाण्यानेच घासतात. या वेळी त्यांनी रॉकेल वापरलं. जिप्सम उष्णतेनेही बिघडतं, म्हणून चिकटवतानाही गरम केलं नाही, थंडच ठेवून दिवसभर वाट बघितली. सगळी खोली रॉकेलने घमघमत होती आणि साहेब नाकाला रुमाल लावून दारातूनच परत गेले. पाचव्या दिवशी काच तयार झाली.

भोकं नव्हती. जिथे जिथे काळं असायला हवं तिथे राखाडी उजेड होता, क्वार्ट्झच्या इतका जवळचा की मला फरकच कळेना. ताईंनी भिंग किंचित वरखाली केलं आणि कणाच्या कडेला हलणारी एक उजळ रेघ दाखवली. क्वार्ट्झची रेघ आत सरकायची. या कणांची बाहेर. त्यांनी चारशे ठिकाणी मोजणी केली. दगडाचा जवळजवळ सहावा हिस्सा जिप्सम होतं, आणि वाळूला धरून ठेवणारं दुसरं तिथे फारसं काही नव्हतं.

"ही जागा रिकामी नव्हती," ताई म्हणाल्या. "मी घासताना पाण्याने धुऊन टाकली. आणि मग रिकामी आहे असं मीच सांगितलं."

मी म्हणालो, तेव्हा तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या, डोंगरालाही नव्हतं शिकवलेलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त कोणाच्या अध्यात न मध्यात. ताईंनी दोन्ही काचा दाखवल्या, आपली चूक आपल्याच तोंडाने सांगितली. त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं, डोळे पुसले, पुन्हा बघितलं. त्यांनाही पटलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मग ते मला मजकूर सांगू लागले: "डाव्या खांद्यातील खडकाचे काही प्रमाणात विद्रावण होत असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

"शक्यता नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "होतंय."

साहेबांनी सांगितलं की तीस वर्षं उभ्या असलेल्या भिंतीविरुद्ध एवढंच लिहिता येतं. मी तेवढंच टाइप केलं. पाच आठवड्यांनी वरून उत्तर आलं. नोंद घेण्यात आली आहे.

दर सोमवारी दादांचा फोन यायचा. मिनिटाला चाळीस लिटर. मग सत्तेचाळीस. मग एकसष्ट. ताईंनी त्यांच्याकडून पन्हळीतल्या पाण्याची बाटली मागवली. पाणी स्वच्छ, नितळ, पिऊन टाकावं असं. त्यातला एक थेंब त्यांनी काचेवर ठेवून भिंगाखाली सरकवला आणि मला बसवलं. थेंब कडेने सुकू लागला तशा त्यातून सुया फुटायला लागल्या. आधी एक, मग पाच-सात, मग झुबके. माझ्या डोळ्यांदेखत त्या वाढत होत्या, एकमेकींना भिडत होत्या. मला उगाचच मान मागे घ्यावीशी वाटली. डोंगर असा थेंबाथेंबाने बाहेर येत होता. त्या दिवशीच्या आकड्यावरून मी कागदावर हिशेब केला. रोजची तीन पोती.

एका रविवारी मी ताईंबरोबर दादांकडे गेलो. वहिनींनी चहा केला. दारातून वर बघितलं की भिंत आभाळाचा अर्धा भाग खाऊन टाकायची. ताईंनी घर सोडायचा विषय काढला तेव्हा वहिनींनी कपबश्या उचलल्या.

"वन्सं, तुमच्या त्या भिंगातून बघितलं की सगळंच मोठं दिसतं," त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्या भिंतीच्या सावलीत त्यांचं वाळवण वाळलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. दादा हसले, पण आम्हाला सोडायला बाहेर आले तेव्हा हळूच म्हणाले की डाव्या टोकाला भिंतीवर कान ठेवला की आता आवाज येतो. कोणीतरी पलीकडे धान्य पाखडतंय असा.

त्यानंतरच्या महिन्यात साहेबांनी दोनदा वर पत्र पाठवलं, हे मला सांगितलं पाहिजे. दुसऱ्या पत्रात "शक्यता" हा शब्द नव्हता. त्याला उत्तरच आलं नाही.

मग तो दिवस आला. ताई नुकत्याच आल्या होत्या, गॉगलसारखा त्यांचा जाड चष्मा पुसत होत्या. फोन मी उचलला. दादांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. सकाळी ते बोगद्यात गेले तेव्हा पन्हळीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. बादली भरून बाहेर आणली, थोडा वेळ ठेवली, तर तळाशी चार बोटं वाळू. इंजिनियरना पाच वेळा फोन केला, ते बैठकीत आहेत. मोठ्या साहेबांच्या कचेरीतून सांगितलं, लेखी कळवा.

मी फोन ताईंच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, कण चिमटीत धरून चोळ, कसे लागतात. दादांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ताईंचा चेहरा मात्र उतरला.

"मग आता नुसतं विरघळत नाहीये, दादा," त्या म्हणाल्या. "धरून ठेवणारं संपलं. वाळू सुटली."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, त्याचा खट्ट आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. मी घड्याळाकडेच बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"उघड," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दादांनी आधी भोंगा वाजवला. मग वहिनींना शेजारच्या टेकडीवर जायला सांगितलं आणि खालच्या वस्तीत स्वतः सायकलवर जाऊन दारं ठोठावली. अकराच्या सुमारास परत येऊन त्यांनी तळाचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडले. कोणाचा हुकूम नव्हता. इंजिनियर आले तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी दरवाजे बंद करायला सांगितले, दादांनी चाक सोडलं नाही. मग इंजिनियर बोगद्यात जाऊन आले. बाहेर आल्यावर ते बंद करा म्हणाले नाहीत. पण उघडे ठेवा असंही म्हणाले नाहीत.

तीन दिवस पाणी वाहत होतं. दोन साकव गेले, पंपघर बुडालं, नदीकाठची पिकं आडवी झाली. माणूस एकही गेला नाही. आणि भिंत पडली नाही.

हेच दादांना भोवलं. पडली असती तर ते देवमाणूस ठरले असते. ती आपली उभीच होती, कोरड्या तळावर, आणि शहरात आठवड्यातून दोनदा पाणी येऊ लागलं. दादा निलंबित झाले, घर सोडावं लागलं. नवरा-बायको ताईंच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. दुकानात बायका वहिनींना ऐकू जाईल असं बोलायच्या, यांच्या माणसाने वर्षाचं पाणी ओतून दिलं. एकदा सकाळी दाराबाहेर कोणीतरी रिकामी बादली उपडी ठेवून गेलं. वहिनींनी ती आत घेतली, घासली आणि वापरायला काढली. बादली चांगली होती, त्या म्हणाल्या, अब्रू गेली म्हणून बादली कशाला घालवा.

चौकशी समिती बसली. ताईंना बोलावलं, मी कागद घेऊन सोबत गेलो. त्यांनी जुनी काच आणि नवी काच शेजारी शेजारी ठेवली. समितीतल्या एकाने विचारलं, तुमचं शिक्षण किती. ताईंनी सांगितलं, शाळा झाली आहे. मग तुमच्या बघण्यावर आम्ही विश्वास का ठेवावा, असं त्याने विचारलं, सभ्यपणेच.

"कारण पहिल्यांदा मीच चुकले होते," ताई म्हणाल्या. "ती चूक मला ओळखता येते."

दुसऱ्याच आठवड्यात तळ पुरता सुकला आणि डाव्या खांद्याजवळ गाळाला पडलेलं एक तोंड सापडलं. खड्डा नव्हे, तोंडच. कमरेला दोर बांधून एक माणूस आत सरपटत गेला. चाळीस फूट दोर गेला, मग थांबला. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, अजून पुढे आहे. किती पुढे ते बघायला पुन्हा जायला तो तयार झाला नाही आणि दुसराही कोणी झाला नाही.

मग सिमेंटचं पाणी पंपाने आत दाबायचं काम सुरू झालं. चार महिने ते चाललं. त्यानंतर पुन्हा भोकं पाडून दगड काढले आणि तपासायला आमच्याकडेच पाठवले. ताईंनी रॉकेलमध्ये काचा केल्या. सिमेंट भेगांत छान बसलं होतं, करडं, दाट. आणि त्याला लागूनच, कणाकणांच्या मधे, तोच राखाडी उजेड. जिथे पोकळी झाली होती तिथे सिमेंट पोचलं. जिथे अजून व्हायची होती तिथे कसं पोचणार. आमचे साहेब तोवर बदलून गेले होते, ताईंनी नव्या साहेबांना हे सांगितलं. नवे साहेब आपले अहवाल आपणच टाइप करायचे, त्यामुळे त्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही. धरण भरायला परवानगी मिळाली एवढं कळलं.

दादांवरचा ठपका पुसला गेला. नोकरी परत मिळाली, घरही. पत्र आलं त्या दिवशी वहिनींनी ते दोनदा वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि सांगितलं की त्या जाणार नाहीत. दादांनी समजावलं, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. वहिनी म्हणाल्या, तुम्ही तरी कशाला जाता.

"नव्या माणसाला तो आवाज कळायचा नाही," दादा म्हणाले.

ते एकटेच गेले. धरण पुन्हा निम्मं भरलं होतं तेव्हाची गोष्ट. मी वळकटी बसवर चढवायला गेलो होतो. दादांनी खिडकीतून हात केला, बस वळली, आणि आम्ही तिघं थांब्यावर उभे राहिलो. ताईंच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. त्या बसच्या चाकाखालून निसटलेला एक खडा उचलून बघत होत्या, सवयीने.

"त्यांना पोहता येत नाही, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "एवढी वर्षं पाण्यावर काढली, पण शिकलेच नाहीत."

ताईंनी खडा खाली टाकला आणि वहिनींचा हात धरला. पोहून काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या ते बोलल्या नाहीत. रस्ता ओलांडून आम्ही घराकडे निघालो.